मिचकीची खरी वेळ

देवबागला जाऊन आलेली माणसं समुद्रावर छत्रीला बांधून दोरीनं उडवून घेतल्याचं सांगतात. मी तसलं काही केलं नाही. मी चार दिवस एका बाईंच्या घरी राहिले, त्यांची स्वयंपाकघरातली मांडणी पुसली आणि एक तारा मंद होऊन पुन्हा उजळताना पाहिला. आमच्या कवठेमहांकाळच्या बाजूला हे कुणी पाहिलेलं नाही, म्हणून लिहिते. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. त्यामुळे जे समजलं तेवढंच लिहीन.

आधी जाण्याचं कारण. माझी नात तेजू कोल्हापुरात विज्ञान शिकते. शेवटच्या वर्षाला एक प्रबंध लिहावा लागतो. तिनं त्यासाठी एक तारा निवडला. अल्गोल त्याचं नाव. दिसायला एक, पण खरे दोन आहेत, एकमेकांभोवती फिरणारे. दर तिसऱ्या दिवशी, आदल्या खेपेपेक्षा तीन तास अकरा मिनिटं आधी, एक दुसऱ्याच्या आड येतो आणि तारा मंद होतो. नुसत्या डोळ्यांनी दिसतं. सगळ्यात मंद कधी झाला, त्या वेळा पुष्कळ वर्षांच्या हव्यात, तर तिचा प्रबंध होणार. कॉलेजातल्या जुन्या गठ्ठ्यात तिला सुरेख अक्षरातली चार पानं सापडली. खाली नाव होतं लुसीबाई, प्राथमिक शिक्षिका, देवबाग. तेजूनं पत्र टाकलं. उत्तर आलं, दोन वाक्यांचं. या. वह्या टपालानं पाठवणार नाही.

तेजूच्या आईला वाटलं पोरीनं एकटीनं जाऊ नये. घरात रिकामी मीच. मोतीबिंदू काढून सहा महिने झाले होते, बघायला काहीतरी हवंच होतं.

बुधवार. घाट उतरून

फोंडा घाटात मी दोनदा ओकले. एसटीत शेजारी बसलेल्या बाईनं न विचारता कोकमाचं आगळ पाण्यात घालून दिलं आणि म्हणाली, "घाटावरच्यांका घाट सोसणा नाय, ह्यां कसां काय?" तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. घाट आमचा आणि पोट त्यांचं घट्ट.

खाली उतरल्यावर डोळ्यांना पहिल्यांदा खटकली ती झाडी. आमच्याकडे झाड म्हणजे ओळखीची वस्तू, कुणाच्या बांधावरचं कोणतं ते सांगता येतं. इथं मोजदादच नाही. आंब्याला मोहोर, काजूला मोहोर, आणि त्या दोहोंचा वास गाडीत शिरून डिझेलच्या वासाशी भांडत होता. मालवणला उतरून रिक्षा केली. देवबागचा रस्ता असा, की एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला कर्लीची खाडी. मध्ये जमिनीची पट्टी, काही ठिकाणी इतकी चिंचोळी की एका घराचं पुढचं दार समुद्राला आणि मागचं खाडीला. मी रिक्षावाल्याला विचारलं, पूर आला तर? तो म्हणाला, "येता आणि जाता." माणसं घाबरायचं सोडून देतात ते असं.

बाईंचं घर चिऱ्याचं, कौलारू. ओट्यावर नाताळातला कागदी तारा अजून टांगलेला. लुसीबाई शहात्तर वर्षांच्या, काटकुळ्या, अंगात फुलाफुलांचा झगा. मी नऊवारीत. दोघींनी एकमेकींना वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "अनुसयाबाई, चहा की पेज?" मी म्हटलं पेज. तिथून आमचं जमलं.

त्यांचा धाकटा भाऊ पास्कू शेजारी राहतो. सत्तरीचा, पूर्वी होडी होती, आता लोकांची जाळी विणून देतो आणि बहिणीला छळतो. आम्ही कशाला आलो ते ऐकून तो तेजूला म्हणाला, "आमच्या बायन एकवीस वर्सां आकाशाक बघल्यान. आकाशान एक दीस तरी तिका बघल्यान काय, तां इचार."

"गप रव रे," बाई म्हणाल्या.

जेवायला उकड्या तांदळाचा भात आणि पेडव्याचं तिखलं. पेडवे म्हणजे बोटाएवढे मासे, निम्मे मांस आणि निम्मे काटे. मी कौतुक करायला तोंड उघडलं आणि काटा घशात. पास्कूनं कोरड्या भाताचा मुटका माझ्या हातावर ठेवला. "वयनी, न चावता गिळा. पेडवे खाताना बोलूचां नाय. बोलूक मागसून येळ आसता." काटा गेला. सल्ला मी घरीही आणला आहे.

त्या रात्री साडेअकराला तारा मंद व्हायचा होता. मी झोपले. सकाळी कळलं की ढग होते, म्हणजे माझं काही चुकलं नाही.

गुरुवार. नारळ आणि सुपारी

बाईंच्या वह्या दोन, लांब, निळ्या पुठ्ठ्याच्या. प्रत्येक पानावर तारीख, वेळ, आकाश कसं होतं ते. एक खाडाखोड नाही. या बाईनं एकवीस वर्षं, पावसाळा सोडून, हे केलं होतं, आणि तेही शाळा, स्वयंपाक, आजारी आई सांभाळून. तारा मंद व्हायच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास दर दहा मिनिटांनी त्याची शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करायची. पातळ कागदावर ठिपके मांडायचे. उतरती बाजू आणि चढती बाजू जुळेल अशी त्या कागदाची दिव्यासमोर घडी घालायची. घडी पडते ती रेघ म्हणजे सगळ्यात मंद वेळ. ती वहीत लिहायची. शाळेतली मुलं या ताऱ्याला मिचकी म्हणायची, म्हणून बाईही म्हणतात.

मला हे थोर वाटलं. मी शेती केली, पाच पोरं वाढवली, पण ज्यातून काही पिकत नाही असं एकही काम एकवीस वर्षं केलेलं नाही.

पण त्या वह्या कपाटाच्या तळाला होत्या, आणि त्याला कारण होतं. पहिली आठ वर्षं झाल्यावर बाईंनी आपल्या वेळा शहरातल्या एका गृहस्थांना पाठवल्या. ते अशा नोंदी गोळा करून छापत. त्यांनी तारा कधी मंद होणार त्याच्या छापील तक्त्याशी ताडून कळवलं की तुमचं घड्याळ बिघडलेलं आहे. थंडीत मागे पडतं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला पुढे पळतं. हवेचा परिणाम असावा. ते पत्र बाईंनी प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं आहे.

"घड्याळ मी रोज रेडिओच्या ठोक्याला लावत होते," बाई म्हणाल्या. "रोज."

तेजू हसू दाबत होती. "बाई, घड्याळ बिघडलं नव्हतं. पृथ्वी हलत होती."

तिनं टेबलावर नारळ ठेवला. हा सूर्य. सुपारी म्हणजे पृथ्वी, ती नारळाभोवती फिरणार. दाराबाहेर पार कुंपणाकडे माड होता, तो तारा. कार्तिकात सुपारी नारळाच्या दाराकडच्या बाजूला असते, म्हणजे ताऱ्याच्या जवळ. वैशाखात ती नारळाच्या पलीकडे जाते. उजेडाला नारळापासून सुपारीपर्यंत यायला आठ मिनिटांच्या वर लागतात. म्हणून मिचकी मंद झाल्याची बातमी कार्तिकात आपल्याला आधी पोचते आणि वैशाखाकडे उशिरा. तारा जरा तिरका आहे, त्यामुळे पुरती आठ नाही, जास्तीत जास्त पावणेआठ मिनिटं. तक्ता मात्र सूर्याच्या वेळेनं छापलेला असतो, सूर्यावर बसून पाहिल्यासारखा.

"सूर्यावर बसून कोण बघतं?" मी विचारलं.

"कुणी नाही, आज्जी. पण सुपारी फिरते, नारळ जागेवर असतो. सगळ्यांच्या वेळा नारळावर आणल्या की मग त्या एकमेकींशी ताडता येतात. तसा नारळही किंचित हलतो, पण ते काही सेकंदांचं. डोळ्यांनी पाहणाऱ्याला नको."

पास्कू दारात जाळं घेऊन बसला होता. "ह्यात काय मोठां? माशांचो टेंपो बंदरावरसून एकाच टायमाक सुटता. वाटेवरच्या घराक आदी मासे गावतत, आमका मागसून. म्हणान टेंपो उशिरा सुटलो काय?"

मला टेंपोनं समजलं. आमच्याकडे उन्हाळ्यात पाण्याचा टँकर असाच येतो. टँकर तोच, निघण्याची वेळ तीच. इथं फक्त घर उठून कधी अलीकडे बसतं, कधी पलीकडे.

तेजूनं पहिल्या आठ वर्षांच्या वेळा लॅपटॉपमध्ये भरल्या. पडद्यावर ठिपके उमटले, ते नागमोडी. दर वर्षी खाली, वर, पुन्हा खाली. मग तिनं दुरुस्ती लावली. पौषात चार मिनिटं मिळवायची, फाल्गुनाच्या शेवटी पाच वजा करायची, ज्या त्या दिवसाचं ज्या त्या दिवसाला. नाग सरळ झाला. जवळजवळ दोरी लावल्यासारखा.

बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हणजे माझं घड्याळ बरोबर होतं." आणि दाराकडे वळून मोठ्यानं, "रे पास्कू, घड्याळ बरोबर होतां!"

"मगे तां खाडयेत कित्याक टाकलंस?"

पत्र आल्याच्या संध्याकाळी त्यांनी घड्याळ खाडीत फेकलं होतं. मला या बाईबद्दल आणखी आदर वाटला.

शुक्रवार. बिघडलेलं गणित

उरलेली तेरा वर्षं दुसऱ्या दिवशी घेतली, आणि सगळं उलटं झालं. दुरुस्ती लावायच्या आधीच ठिपके सरळ होते. दुरुस्ती लावली की नाग. तेजूनं बेरीज-वजाबाकी उलटसुलट करून पाहिली. नाग फक्त कूस बदलायचा. ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच करत बसली, जेवली नाही, मला दोनदा खेकसली. पहिल्या आठ वर्षांत खरं असलेलं गणित पुढच्या तेरा वर्षांत खोटं कसं होईल? एका संध्याकाळीत पृथ्वी फिरायची थांबली की काय?

"मीच कुठंतरी चुकतेय," ती म्हणाली. "कालचं जुळलं ते योगायोगानं."

कालपर्यंत शेजारी खुर्ची ओढून बसणारी बाई आज मासळीबाजाराला गेली ती दुपार टळल्यावर आली, आणि आणलेली सुरमई तिनं स्वतः खाल्ली नाही. मी बायकांमध्ये जन्म काढला आहे. न जेवणारी बाई एकतर आजारी असते किंवा लपवत असते. ताप नव्हता, मी हात लावून पाहिला.

संध्याकाळी मला तेजूनं कॉलेजातल्या गुरुजींना लिहायला घेतलेलं पत्र दिसलं. मला हा विषय झेपत नाही, दुसरा द्यावा, अशा अर्थाचं. पाठवलं नव्हतं. दोन वर्षं पोरीनं या ताऱ्यापायी घालवली होती.

शनिवार. मांडणी

परक्या घरात रिकामं बसणं मला जमत नाही. शनिवारी सकाळी बाई मागच्या पडवीत आडाळ्यावर नारळ खवत होत्या, तेजू नुसती लॅपटॉपकडे बघत होती. मी स्वयंपाकघरातली मांडणी पुसायला काढली. खाऱ्या हवेनं डब्यांची बुडं गंजतात, त्यांचे डाग पडले होते.

आम्ही दिवाळीला फळ्यांवर वर्तमानपत्र घालतो. या लोकांकडे नाताळच्या आधी मांडणी आवरतात आणि सरतं कॅलेंडर फळ्यांवर घालतात. कागद जाड आणि गुळगुळीत, तेल पुसलं जातं. पण जुनं काढत नाहीत. त्याच्यावरच नवं. मसाल्याचा डबा उचलला तर खाली चार थर, भाजणीच्या डब्याखाली पाच. घट्ट चिकटलेले. मी कालथ्यानं एकेक सोडवला.

कॅलेंडरावर सगळ्या बायका लिहितात ते होतं. गॅस आणला, दूध नाही, पास्कूला ताप. आणि मध्येमध्ये पेन्सिलीनं बारीक अक्षरात: मि. ८-०७. मि. ९-२२.

मि. म्हणजे मिचकी, हे कळायला चौथी पुरते. कॅलेंडर नोव्हेंबरचं होतं, वर्ष छापलेलं होतं. वही टेबलावरच होती. मी ती तारीख काढली. वहीत ८-१४. दुसरी काढली. कॅलेंडरावर ९-२२, वहीत ९-२९. मार्चचं एक पान होतं. तिथं कॅलेंडरावर ८-०५ आणि वहीत ८-००.

मी मागे गेले. "बाई, कॅलेंडरावर सात आहे, वहीत चौदा. खरं कोणतं?"

खवणं थांबलं. "कुठल्या कॅलेंडरावर?"

"तुमच्या मसाल्याच्या डब्याखालच्या."

त्यांनी हातातली नारळाची कवड ताटात ठेवली. मग सांगितलं. पत्र आल्यावर नवं घड्याळ घेतलं, तरी मिचकी थंडीत लवकर आणि मार्चात उशिराच. तेव्हा त्यांना वाटलं घड्याळात नाही, आपल्या डोळ्यात खोट आहे. मग डोळ्याला दिसलेली वेळ त्या रात्रीच कॅलेंडरावर टिपायची, आणि सकाळी छापील तक्ता समोर ठेवून वहीत तक्त्याला शोभेल ती लिहायची. अगदी तक्त्याएवढी नाही. एखादं मिनिट इकडेतिकडे, म्हणजे खरी वाटावी. ठिपक्यांचे कागद चुलीत घालायच्या. शहरातल्या गृहस्थांनी पुढच्या वर्षी त्या नोंदी छापल्या आणि घड्याळ दुरुस्त केल्याबद्दल शाबासकी कळवली.

"किती वर्षं?"

"तेरा."

"शाळेत कुणी दुसऱ्याचं बघून लिहिलं तर काय करत होता?"

"बाकावर उभं करायचे."

"मग उठा आणि तेजूला सांगा."

"अनुसयाबाई, सांगितलं तर ती पहिली आठसुद्धा फेकून देईल. मी तिच्या जागी असते तर फेकली असती. परवा मला इतक्या वर्षांनी कळलं की माझे डोळे नीट होते. एक दिवस तरी असू दे."

मी म्हटलं, "नाही सांगितलं तर ती स्वतःचं गणित फेकून देणार आहे. पत्र लिहून ठेवलंय. तुम्ही एका कागदावर भरवसा ठेवून आपले डोळे खोटे केलेत. आता तुमच्या वहीवर भरवसा ठेवून ती आपलं डोकं खोटं करतेय."

मला त्यांची दया आली नाही असं नाही. पण दयेनं ठिपके सरळ होणार नव्हते.

बाई उठल्या. हात धुतले, झगा झटकला. तेजूसमोर खुर्ची रिकामी होती, पण त्या बसल्या नाहीत. उभ्यानं, हात मागे बांधून, वर्गात उत्तर द्यावं तसं सगळं सांगितलं. कुणावर ढकललं नाही. त्या गृहस्थांवरही नाही.

मला वाटलं तेजू आता रडणार किंवा ओरडणार. ती पोर म्हणाली, "बाई, कॅलेंडरं किती आहेत?"

त्यानंतर त्या घरात जे झालं ते पाहण्यासारखं होतं. सगळे डबे अंगणात. पीठ, कुळीथ, मिठाची बरणी, सुके सोडे. मांडणी, कपाट, ट्रंकेचा तळ, देव्हाऱ्यासारख्या त्यांच्या छोट्या अल्तारीखालची फळी. मी कालथ्यानं थर सोडवायची, बाई ओल्या फडक्यानं पुसून वेळ वाचायच्या, तेजू भरायची. काही ठिकाणी झुरळांनी आकडे खाल्ले होते, ते सोडले. तेजूनं एकदा विचारलं, "हे तीन की आठ?" बाई म्हणाल्या, "माका म्हायत नाय. सोड." घाईत त्यांची शाळेची मराठी सुटली.

पास्कूला हाक मारली. दोन वर्षांची कॅलेंडरं त्यांनी त्याला होडीत गळाचं सामान बांधायला दिली होती.

"तीं गेली समुद्रात," तो म्हणाला. "माशांका इचारा."

बाईंनी वही उघडली आणि त्या दोन वर्षांच्या पानांवर, एकेका पानावर, पट्टीनं तिरकी रेघ मारली. शाईच्या पेननं. एकही खाडाखोड नसलेल्या वहीत. मला ते बघवेना, पण मी बघितलं.

संध्याकाळी पाच वाजता तेजूनं सापडलेल्या वेळा दुरुस्ती लावून पडद्यावर मांडल्या. त्या पहिल्या आठ वर्षांच्या पुढं जाऊन बसल्या, त्याच रेषेत. माणसाची नजर इतकी वर्षं इतकी खरी राहू शकते, हे मी कुणी सांगितलं असतं तर मानलं नसतं.

"वहीला मी फसवलं, पण मिचकीला नाही," बाई म्हणाल्या. मग उठून त्यांनी पेज टाकली आणि दोन वाडगे प्यायल्या.

त्याच संध्याकाळी मिचकी आठ वाजून वीस मिनिटांनी मंद व्हायची होती, तक्त्याप्रमाणं. आम्ही समुद्राच्या बाजूला वाळूवर चटया टाकल्या. पास्कूही आला, चेष्टेला माणूस हवं म्हणून. डोक्यावरून जरा उत्तरेला बाईंनी बोट केलं. आधी मला सगळे सारखेच. मग पावणेआठच्या सुमारास कळलं की शेजारचा जो तारा मघाशी तिच्यापुढं फिका होता तो बरोबरीचा झाला आहे. आणि थोड्या वेळानं तो तिच्याहून उजळ. आवाज नाही, काही नाही. समुद्र आपला खालीवर. इतकी मोठी वस्तू आमच्यासमोर झाकली जात होती आणि देवबागात कुणी मान वर केली नव्हती. एका घरातून तळलेल्या बांगड्याचा वास येत होता.

"खरांच गो," पास्कू म्हणाला. एकवीस वर्षांत त्यानं पहिल्यांदा पाहिलं. नंतर तो आपली चटई बहिणीच्या चटईशेजारी ओढून बसला, हे बाईंनी मला मुद्दाम दाखवलं.

दहाला घरी आलो. प्रत्येकीनं आपापले ठिपके मांडले आणि कागद दिव्यासमोर धरून घडी घातली. बाईंची घडी आठ पंधरावर. चार मिळवून आठ एकोणीस. एका मिनिटाचा फरक डोळ्यांच्या कामात काहीच नाही, तेजू म्हणाली. माझी घडी आठ सव्वीसला पडली.

मला लाज वाटली. मी म्हटलं, मीपण पंधराच लिहिते, माझा डोळा नवा आहे.

बाईंनी माझ्या हातातली पेन्सिल धरली. इतक्या जोरात की बोट दुखलं. "सव्वीस दिसलं ना? सव्वीसच लिहा. दुरुस्ती करणारे नंतर करतील. दिसलेलं एकदा बदललं की पुन्हा कुणाला मिळत नाही."

रविवार आणि नंतर

रविवारी बाई चर्चमध्ये मिसाला गेल्या, आल्यावर आम्हाला उंडे पाव आणि खटखटे लाडू बांधून दिले. वह्या तेजूच्या पिशवीत घातल्या. कॅलेंडरं मात्र दिली नाहीत. तेजूनं एकेका पानाचा फोटो काढून घेतला होता. मी मांडणीवर वर्तमानपत्र घालून आले, आमच्या पद्धतीनं. बाईंना ते आवडलं नाही, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

तेजूनं प्रबंधात सगळं लिहिलं आहे, तेरा वर्षांचंही, बाईंच्या संमतीनं. बाईंनी अट एकच घातली की त्यांच्या नावापुढं निवृत्त शिक्षिका लिहावं, कारण बघून लिहिल्याची शिक्षा उभं राहून भोगल्यावर ते नाव त्यांना पुन्हा लावता येत होतं. तेजूनं गुरुजींना लिहिलेलं पत्र फाडलं. घाट चढताना मी ओकले नाही. जेवले नव्हते.

आता मार्च सरत आला आहे. मिचकी संध्याकाळी वायव्येला खाली गेलेली असते. परवा मी गच्चीवर खुर्ची टाकून बसले, ठिपके मांडले, घडी घातली. आठ वाजून चार मिनिटं. स्वयंपाकघरात येऊन कॅलेंडरावर, गॅसच्या नोंदीखाली, पेन्सिलीनं लिहिलं.

सून मागे उभी होती. तेजूनं तिला फोनवर तक्त्याची वेळ पाठवली होती, सात पन्नास.

"आत्याबाई, चौदा मिनिटं चुकलं तुमचं," ती म्हणाली. "तेजूनं वेळ दिलीय की. तीच लिहा."

मी म्हटलं, "ती सूर्याची. ही माझी."